बटणातला दिवा

इ. स. १९७९ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ॲस्टेरॉइड्स’ नावाचे एक खेळयंत्र बाजारात आणले. पुरुषभर उंचीचे कपाट, त्याच्या वरच्या अंगास काळा पडदा, पडद्याखाली हातांच्या बेताने बसविलेला एक उतरता फलक आणि त्या फलकावर काही बटणे, एवढाच त्याचा बाह्य थाट होता. नाणे टाकावे, पडद्यावरील इवलेसे यान डावी-उजवीकडे वळवावे आणि चहूकडून अंगावर येणाऱ्या पाषाणखंडांचा गोळ्या झाडून चुरा करावा, असा तो खेळ. लाईल रेन्स आणि एड लॉग या दोघांच्या विचारातून तो उतरला आणि त्याची सत्तर हजारांच्या घरात यंत्रे खपली. प्रकाशाच्या बारीक रेषांनी पडद्यावर काढलेल्या त्याच्या चित्रांची वाखाणणी पुष्कळ झाली. त्याच फलकावरील दोन शंकूच्या आकाराच्या बटणांकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. या बटणांच्या मध्यभागी तांबड्या प्रकाशाचा एकेक ठिपका असे. एका खेळापुरते नाणे पडले की ‘एक खेळाडू’ हे बटण लुकलुकू लागे. दोन खेळांपुरती नाणी पडली की दोन्ही लुकलुकत.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु अशी यंत्रे जेथे ओळीने मांडलेली असत, त्या आर्केड नावाच्या खेळघरांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. दालनात मंद उजेड, चहूकडून यंत्रांचा कल्लोळ, आणि यंत्रासमोर येणारा मनुष्य बहुधा नवखा. बटणाखाली छापलेली अक्षरे अशा जागी कोण वाचीत बसणार? लुकलुकणारे बटण मात्र वाचावे लागत नाही. ‘नाणे पोहोचले, आता येथे बोट ठेवा’ एवढा निरोप ते एका क्षणात देते.

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्यावरच या विषयाची सारी मदार आहे. घरातील दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो, म्हणून सामान्य माणसाची अशी समजूत असते की बटण आणि दिवा यांचा संबंध सरळ आहे. खेळयंत्रातील बटणात तसे नसते. एकाच कवचात दोन स्वतंत्र वस्तू नांदत असतात. एक स्विच, जो बोटाची बातमी यंत्राला कळवतो. आणि दुसरा दिवा, जो यंत्राची बातमी माणसाला कळवतो. दोघांच्या तारा वेगळ्या. लिफ्टचे बटण दाबल्यावर उजळते, ती दिलेल्या आज्ञेची पोच असते. ‘ॲस्टेरॉइड्स’चे बटण दाबण्यापूर्वीच उजळते, आणि ते केव्हा उजळावे हे यंत्रातील कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, ठरवितो.

ही कल्पना खेळयंत्रांच्या कारखान्यात जन्मली असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मोठ्या कचेऱ्यांतून अनेक लाइनींचे टेलिफोन असत. त्यांच्या तळाशी पारदर्शक बटणांची एक रांग असे व प्रत्येक बटणाच्या पोटात एक बारीक दिवा असे. बाहेरून बोलावणे आले की तो सावकाश उघडझाप करी. एखाद्याला लाइनीवर थांबवून ठेवले असेल तर झरझर मिचके. आणि लाइन चालू असली की स्थिर जळे. एकाच दिव्याकडून तीन प्रकारचे निरोप वदवून घेण्याची ही युक्ती कारकुनांच्या पिढ्यांनी नकळत आत्मसात केली होती. अटारीच्याच १९७८ च्या ‘सुपर ब्रेकआउट’ या खेळात चेंडू सोडण्याच्या बटणाला असाच दिवा होता.

पूर्वी हे काम तंतूच्या दिव्यांकडे असे. पिनबॉलच्या यंत्रांत वापरला जाणारा ४४ क्रमांकाचा दिवा ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो; म्हणजे सुमारे दीड वॅटहून थोडी अधिक शक्ती. एका दिव्यापुरती ही गोष्ट किरकोळ खरी. पण अशा अनेक दिव्यांची धग बंद पेटीत कोंडून राहिली की काचेवरील रंगांचे पापुद्रे सुटतात आणि प्लॅस्टिक वाकते. शिवाय तंतू नाजूक. ज्या बटणावर दिवसभर मुठी आपटावयाच्या, त्याच्या पोटात तंतूचा दिवा ठेवणे म्हणजे उखळात काचेची बांगडी ठेवण्यासारखेच. या जागेला हवा होता एक थंड, घट्ट, धक्के सोसणारा दिवा. तो प्रकाश-उत्सर्जक डायोडच्या, म्हणजेच एल.ई.डी.च्या रूपाने मिळाला.

त्याची कुळकथा रेडिओच्या कुळकथेशी निगडित आहे. विद्युत्-चुंबकीय लहरी पकडण्यासाठी स्फटिकाचा उपयोग करणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोस अग्रेसर होते. गॅलेना स्फटिकाच्या त्यांच्या ग्राहकाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. अशाच स्फटिकांवर प्रयोग करीत असता मार्कोनी कंपनीतील हेन्री राउंड याला १९०७ साली आढळून आले की, कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडली असता तो मंद प्रकाशतो. त्याने एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि तो आपल्या कामाला लागला. पुढे रशियातील ओलेग लोसेव्ह याने १९२७ पासून या प्रकाशाचा चिकाटीने अभ्यास केला. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो मरण पावला आणि त्याचे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. दृश्य तांबडा प्रकाश देणारा व्यवहार्य डायोड १९६२ च्या ऑक्टोबरात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सिराक्यूज येथील प्रयोगशाळेत निक होलोन्याक याने तयार केला. १९६८ पासून मॉन्सॅन्टो कंपनीने असे डायोड मोठ्या प्रमाणावर काढावयास आरंभ केला आणि दहा-अकरा वर्षांत ही वस्तू खेळयंत्राच्या बटणात बसण्याइतकी स्वस्त झाली. दोन व्होल्टच्या आसपास दाब आणि एका अँपिअरचा पन्नासावा भाग एवढा प्रवाह तिला पुरतो. हिशेब केला तर ४४ क्रमांकाच्या दिव्याला लागणाऱ्या शक्तीचा हा जेमतेम चाळिसावा हिस्सा होय.

आता इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळते. इतके सोयीस्कर साधन हाती आल्यावर बटणातील दिव्यांची भरभराट व्हावयास हवी होती. घडले ते उलट. खेळ जुना झाला की कपाट तेच ठेवून आतील सर्किटचा फळा बदलावयाचा, हा खेळघरांच्या मालकांचा काटकसरीचा मार्ग होता; पण प्रत्येक कारखान्याची तारजोडणी निराळी असल्याने दर वेळी सारे काही उसवून पुन्हा डाख द्यावा लागे. १९८५ साली जपानमधील खेळयंत्र-उत्पादकांच्या संघाने एक सामाईक जोडणी ठरविली. संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘जाम्मा’ असे नाव पडले. अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या दोन रांगांत छप्पन्न संपर्क. त्यांत वीज, चित्र, आवाज, नाणी, आरंभाची बटणे, दोन्ही खेळाडूंच्या दांड्या व प्रत्येकी तीन बटणे, एवढ्यांची सोय. नाणी मोजणाऱ्या गणकालाही जागा दिलेली आहे. बटणातील दिव्यासाठी मात्र एकही संपर्क नाही.

यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. तक्ता आखताना ज्या रकान्याला जागा ठेवली जात नाही, त्यातील माहिती पुढे कोणी नोंदवीत नाही, हा अनुभव दप्तराशी संबंध आलेल्या प्रत्येकाला असतो. जाम्माने मालकाचा पैसा वाचविला, दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचविला आणि कोणताही खेळ कोणत्याही कपाटात चालण्याची मुभा दिली. परंतु फळ्याकडून दिव्याकडे जाणारी तार त्या जोडणीत नव्हती. म्हणून साध्या कपाटातील बटणे मुकी झाली. ज्यांना दिव्यावाचून चालणारच नव्हते त्यांनी स्वतंत्र जोडणी केली. कोनामी कंपनीच्या १९९८ च्या ‘पॉप्न म्युझिक’ या संगीताच्या खेळात नऊ मोठी रंगीत बटणे आतून उजळत. त्याच वर्षीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये खेळाडूच्या पायाखालील बाणांचे फलक उजळत. पण हे अपवाद होत.

जुन्या यंत्रांचे पुढे काय झाले हे सांगावयास नको. मोडीत निघाली, भिजली, जळाऊ लाकूड झाली. ते खेळ नाहीसे होऊ नयेत या चिंतेतून १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ नावाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. मूळ यंत्रातील प्रत्येक भागाची वागणूक संगणकात हुबेहूब उतरवावयाची, म्हणजे जुना प्रोग्रॅम आपण मूळ यंत्रातच चालत आहोत असे समजून चालू लागतो, हे तिचे तत्त्व. जगभरच्या अनेक जाणकारांनी तीत भर घातली. चित्र आणि आवाज यांच्याबरोबर बटणांतील दिव्यांचाही त्यांनी विचार केला, ही गोष्ट विशेष कौतुकास्पद म्हटली पाहिजे. संगणकाला बटणे नव्हती, कळफलक होता. आणि कळफलकावर मोठ्या अक्षरांची व आकड्यांची खूण दाखविणारे तीन दिवे होते. ‘मेम’ने तेच कामी लावले! ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये नाणे टाकल्याची कळ दाबली की कळफलकाच्या कोपऱ्यातील दिवा लुकलुकू लागे. ज्याला कारण ठाऊक नसेल त्याला कळफलक बिघडला असेच वाटावे.

हौशी लोकांनी मग पुढची पायरी गाठली. त्यांनी जुने कळफलक उघडले, त्यातील दिव्यांच्या जागी तारा जोडल्या आणि त्या तारा घरी बांधलेल्या कपाटाच्या फलकापर्यंत नेऊन शंकूच्या बटणांना लावल्या. अशा रीतीने मूळ यंत्राच्या पाठीमागून निघालेला निरोप, मध्ये वीस वर्षे आणि एक कळफलक ओलांडून, पुन्हा बटणात पोहोचला.

घरच्या कपाटात एक नवीच अडचण उभी राहिली, आणि दिव्याची खरी गरज तिच्यातूनच कळते. मूळ यंत्र एकाच खेळासाठी बांधलेले असे. ‘पॅक-मॅन’च्या फलकावर एक दांडी आणि आरंभाची बटणे यांपलीकडे काही नाही, कारण त्या खेळाला दुसरे काही लागत नाही. ‘डिफेंडर’ला वरखाली हलणारी दांडी आणि उलट फिरणे, वेग, गोळी, बाँब व उडी अशी पाच बटणे. ‘रोबोट्रॉन’ला दोन दांड्या, गोळीचे बटणच नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ ला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणे, तीन ठोशांची व तीन लाथांची. म्हणजे फलकाची रचना हीच त्या खेळाची नियमावली होती. घरच्या कपाटात शेकडो खेळ आणि फलक एकच. तेथे वीस-बावीस बटणे मांडावी लागतात, आणि ‘पॅक-मॅन’ लावल्यावर त्यांतली बहुतेक निरुपयोगी होतात. पाहुणा आलेला मुलगा प्रत्येक बटण दाबून पाहतो, काहीच घडत नाही, आणि तेवढ्यात भुताने त्याला गाठलेले असते. फलकाच्या ठायी असलेले ज्ञान, फलक सर्वांसाठी एक करताच, पुसले गेले होते. दिव्याने ते परत आणले. निवडलेल्या खेळाला लागणारी बटणे तेवढी उजळावयाची, बाकीची अंधारात ठेवावयाची. यासाठी कोणत्या खेळात किती बटणे, कशासाठी, आणि मूळ यंत्रावर कोणत्या रंगाची, यांच्या तपशीलवार याद्या हौशी मंडळींनी जुनी यंत्रे व माहितीपत्रके धुंडाळून तयार केल्या. हे काम एखाद्या गॅझेटिअरच्या तोडीचे आहे.

रंगाचा प्रश्न सुटण्यास मात्र विज्ञानाची वाट पाहावी लागली. तांबडा प्रथम आला, सत्तरीच्या दशकात पिवळा व हिरवा आले, निळा येईना. जपानमध्ये इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोया येथे आणि शूजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. तेजस्वी निळा डायोड १९९३ साली निचियाने जाहीर केला आणि २०१४ साली या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या डायोडच्या जनकाला, म्हणजे त्या वेळी हयात असलेल्या होलोन्याकला, त्यात स्थान नव्हते. त्याने आपली नाराजी लपविली नाही, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. नाकामुरा यांनी तर आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला. नोकरीत असता लावलेल्या शोधाचा मोबदला किती, या प्रश्नावर टोकियोच्या न्यायालयाने २००४ साली त्यांना वीस अब्ज येन देवविले. पुढच्या वर्षी सुमारे चौऱ्याऐंशी कोटी येनवर तडजोड झाली.

निळा मिळताच तांबडा, हिरवा व निळा एकाच कवचात बसवून हवा तो रंग काढणे शक्य झाले. निळ्या डायोडवर पिवळे लेपन देऊन पांढराही झाला. या पांढऱ्याची एक खोड फलक बांधणाऱ्यांना लवकरच कळली. त्यात तांबडा अंश तोकडा असतो, म्हणून तांबड्या टोपीखाली तो फिका दिसतो. तांबड्या टोपीखाली तांबडाच डायोड हवा. आणि निळ्या टोपीखाली तांबडा डायोड लावला तर प्रकाश जवळजवळ बाहेरच येत नाही, कारण निळे प्लॅस्टिक तांबडा प्रकाश अडवून धरते.

बाकीची करामत शाळेतल्या विज्ञानाची आहे. डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो. लांब पाय धनाकडे, आखूड ऋणाकडे. उलटा जोडला तर तो लागत नाही. त्याला प्रवाहाचा लगाम स्वतः आवरता येत नाही, म्हणून ओळीत एक रोधक घालावा लागतो. पाच व्होल्टचा पुरवठा असेल आणि तांबड्या डायोडवर दोन व्होल्ट पडत असतील, तर उरलेल्या तीन व्होल्टला वीस मिलिअँपिअरने भागून दीडशे ओहम येतात. निळ्याला सव्वातीन व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून त्याला शंभर ओहम पुरतात. अमेरिकन बटणासाठी फळीला एक इंच व एक अष्टमांश, जपानी बटणासाठी तीस मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडावयाचे. सर्व बटणांना फिरणारी एक सामाईक तार माळेसारखी ओवावयाची. प्रत्येक रंगाची दुसरी तार नियंत्रक फळ्याकडे न्यावयाची. ‘एल.ई.डी.-विझ’ नावाच्या एका प्रसिद्ध फळ्याला बत्तीस निर्गम आहेत. तीन रंगांच्या बटणाला तीन लागतात, म्हणजे दहा बटणे होतात आणि दोन निर्गम शिल्लक राहतात. विजेचाही हिशेब ठेवावा लागतो. तिन्ही रंग एकदम पेटले की एक बटण साठ मिलिअँपिअर घेते, आणि संगणकाचे साधे यू.एस.बी. द्वार पाचशेच देते. आठ बटणांपुढे निराळा पुरवठा लावलेला बरा. मंद-तेज करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने लावतात व विझवितात. किती वेळ लागलेला आणि किती वेळ विझलेला यावर डोळ्यांना तेज कमी-अधिक भासते.

जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांत या सुधारणेविषयी एकमत नाही. जेथे मुळात तंतूचा दिवा होता तेथे डायोड लावावा काय, हा त्यांचा वाद. तंतू तापावयास क्षण लागतो, निवावयासही लागतो. त्याच्या उघडझापीला श्वासासारखी एक संथ लय असते. डायोड खटकन लागतो व खटकन विझतो. जुन्या लयीची सवय असलेल्या डोळ्यांना तो उद्धट वाटतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की रंग सोलवटलेली काच काही त्या लयीने परत येत नाही. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आणि जेथे काच अजून शाबूत आहे तेथे दुसऱ्या पक्षाचे पारडे जड आहे. ज्यांनी फलकावरील यच्चयावत बटणे इंद्रधनुष्याच्या रंगांनी अखंड नाचती ठेवली आहेत, त्यांच्या बाजूने मात्र फारसे बोलता येत नाही. सगळीच बटणे बोलू लागली म्हणजे कोणते दाबावयाचे, हे नवख्याला पूर्वीइतकेच कळेनासे होते.

‘ॲस्टेरॉइड्स’च्या प्रोग्रॅममध्ये या दिव्यांसाठी स्मृतीचा एक ठरावीक पत्ता राखून ठेवलेला आहे. त्या जागी लिहिल्या जाणाऱ्या एकाच बाइटातील दोन बिट दोन बटणांच्या दिव्यांकडे जातात आणि आणखी तीन नाणी मोजणाऱ्या गणकांकडे. तो प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर ‘मेम’मधून चालविला, तरी नाणे पडताच हे दोन बिट आलटूनपालटून शून्य व एक होऊ लागतात. त्यांच्या पुढे बटण असो वा नसो.